गटारातल्या गॅसवर प्रयोग केला आणि हिमयुगाची तारीख बदलून टाकली

बुलढाण्याचं लोणार सरोवर माहिती नाही असा मराठी माणूस सापडणं अवघड. उल्का पडली, खड्डा झाला, खाऱ्या पाण्याचं सरोवर तयार झालं, ही गोष्ट शाळेतच कानावर पडते. पण संशोधकांचा जीव अडकलाय तो पाण्याखालच्या चिखलात. भारतीय आणि जर्मन संशोधकांनी सरोवराच्या तळातून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा नमुना उभाच्या उभा बाहेर काढला आणि २०१४ मध्ये त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. गेल्या ११ हजार वर्षांत या भागात पाऊस कधी जोरात होता आणि कधी रुसला होता, याचा हिशोब त्यातून लागला. साधारण ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी मान्सून बराच काळ कमजोर पडला होता, हेही त्याच चिखलातून समजलं.

आता कुणीही विचारेल, चिखलाची तारीख कळली कशी? खालचा थर आधीचा आणि वरचा नंतरचा, एवढं तर विहीर खणणारा माणूसही सांगेल. पण हा थर ४ हजार वर्षांपूर्वीचा आणि तो ९ हजार, हे आकडे येतात कुठून?

तर ते येतात गाळात अडकलेल्या वनस्पतींच्या तुकड्यांमधून. त्यांच्यातला कार्बन घड्याळासारखा चालतो आणि ते घड्याळ वाचायची पद्धत १९४० च्या दशकात शिकागो विद्यापीठातल्या एका लॅबमध्ये तयार झाली. ती तयार करणाऱ्या माणसाचं नाव विलार्ड लिबी. त्यासाठी त्याला नोबेल मिळालं. पण याच माणसानं अणुचाचण्यांची बाजू घेतली, मेलेल्या लहान मुलांची हाडं गोळा करणाऱ्या गुप्त प्रकल्पात पुढाकार घेतला आणि ज्या चाचण्यांना पाठिंबा दिला त्यांनी त्याच्याच घड्याळात घोळ घातला.

लिबीचा जन्म १७ डिसेंबर १९०८ चा, अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या ग्रँड व्हॅली नावाच्या खेडेगावातला. घर शेतकऱ्याचं. पोरगं लहान असतानाच कुटुंब कॅलिफोर्नियातल्या सेबॅस्टोपोलजवळ राहायला आलं. तिकडं सफरचंदाच्या बागा. शाळेत असताना गडी उंचापुरा, फुटबॉल खेळणारा, म्हणजे अंगावर धावून जायचा तो अमेरिकन फुटबॉल. कॉलेजच्या खर्चासाठी फळांच्या पेट्या ठोकून द्यायचा. १९२७ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेला तेव्हा डोक्यात इंजिनिअरिंग होतं, पण रमला रसायनशास्त्रात. १९३३ मध्ये पीएचडी झाली आणि तिथंच शिकवायला लागला. स्वभाव असा की पुढं लोक त्याला वाइल्ड बिल म्हणायला लागले.

बर्कलीत त्याला एक नाद लागला, अगदी क्षीण किरणोत्सार मोजायचा. रेडियम किंवा युरेनियम मोजणं त्यामानानं सोपं, काउंटर कडकड वाजतो. पण मिनिटाला चारदोन कण सोडणारा पदार्थ असेल तर? तेव्हा गायगर काउंटर दुकानात जाऊन घ्यायची सोय नव्हती. लिबीनं स्वतःच्या हातानं बनवला, आणि अमेरिकेत बनलेल्या पहिल्या काही काउंटरपैकी तो एक होता. हे हातकाम त्याला नंतर कामाला आलं.

इकडं दोन वेगवेगळ्या गोष्टी घडत होत्या. १९३९ मध्ये सर्ज कॉर्फ या शास्त्रज्ञाला दिसलं की अवकाशातून येणारे किरण वातावरणाच्या वरच्या थरात न्यूट्रॉन तयार करतात. हे न्यूट्रॉन हवेतल्या नायट्रोजनवर आदळले की त्यातून किरणोत्सारी कार्बन बनायला हवा. आणि फेब्रुवारी १९४० मध्ये बर्कलीतच मार्टिन केमेन आणि सॅम रुबेन यांनी तो कार्बन, म्हणजे कार्बन-१४, प्रयोगशाळेत तयार करून दाखवला.

या दोन गोष्टी जोडायला लिबीला वेळ मिळाला नाही, कारण मध्ये युद्ध आलं.

१९४१ मध्ये तो एक शिष्यवृत्ती घेऊन प्रिन्स्टनला गेला होता. डिसेंबरमध्ये जपाननं पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि लिबी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात हॅरॉल्ड युरी या नोबेल विजेत्या रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली दाखल झाला. काम अणुबॉम्बचं. युरेनियमचे दोन प्रकार एकमेकांपासून वेगळे करायचे होते. त्यासाठी युरेनियमचा वायू अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून ढकलायचा. हा पडदा टिकाऊ कसा करायचा, यावर लिबीनं काही वर्षं घालवली. घरी यातलं काहीही सांगायची परवानगी नव्हती. हिरोशिमाच्या बातम्या आल्यावर तो मिळतील तेवढी वर्तमानपत्रं घेऊन घरी गेला आणि आपण इतकी वर्षं काय करत होतो हे बायकोला तेव्हा सांगितलं.

युद्ध संपलं. युरी शिकागोला गेला, त्याच्यामागोमाग लिबीही १९४५ मध्ये शिकागो विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आला. आणि डोक्यात घोळत असलेली कल्पना बाहेर काढली.

ती समजून घ्यायला सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा विचार करा. टाकीला खाली गळती आहे, पण वरून नळही चालू आहे. जेवढं पाणी गळतं तेवढंच येतं, म्हणून पातळी कायम तेवढीच. आता कुणीतरी नळ बंद केला. पातळी हळूहळू उतरायला लागणार. टाकी पूर्वी किती भरलेली होती आणि गळती किती वेगानं होते हे माहीत असेल, तर आत्ताची पातळी बघून नळ कधी बंद झाला हे सांगता येईल.

जिवंत झाड म्हणजे नळ चालू असलेली टाकी. झाड हवेतून कार्बन घेतं, झाड खाणाऱ्या जनावरात तो जातो, जनावर खाणाऱ्या माणसात जातो. त्या कार्बनमध्ये अगदी कणभर, म्हणजे साधारण एक लाख कोटी अणूंमागे एक, कार्बन-१४ असतो. जीव गेला की नळ बंद. नवीन कार्बन-१४ येत नाही, आहे तो फुटत राहतो. लिबीनं धरलेल्या हिशोबानुसार ५५६८ वर्षांत तो निम्मा होतो, पुढच्या तेवढ्याच वर्षांत उरलेल्याच्या निम्मा. मग ते लाकूड असो, हाड असो, की तळ्याच्या तळाशी गाळात दबलेलं पान.

ऐकायला एकदम सोपं आहे. पण लिबीनं ही कल्पना सुरुवातीला कुणालाही सांगितली नाही. मोजकी माणसं सोडली, त्यात युरी एक, तर बाकीच्यांना तो वेगळंच काहीतरी संशोधन करतोय असं वाटत होतं. हवेतल्या किरणांवरून इजिप्तच्या राजाचं वय काढणार म्हटल्यावर पैसे देणाऱ्यांनी वेड्यात काढलं असतं, अशी भीती त्याला होती.

पहिली अडचण म्हणजे निसर्गात कार्बन-१४ आहे हे सिद्ध करायचं होतं. तोवर तो फक्त प्रयोगशाळेत दिसला होता. आणि इथं गटार आलं.

लिबीला दोन प्रकारचा मिथेन वायू हवा होता. एक, नुकत्याच जिवंत असलेल्या पदार्थातून आलेला. दुसरा, कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्यातून आलेला. दुसरा सोपा होता, खनिज तेलातून काढलेला मिथेन. पहिल्यासाठी बाल्टिमोर शहराचा मैलापाणी प्रकल्प निवडला. माणसानं काल खाल्लेलं आज तिथं पोचतं, त्यामुळं याहून ताजा कार्बन मिळणं कठीण. हिशोब असा की गटाराच्या गॅसमध्ये कार्बन-१४ सापडला पाहिजे आणि तेलाच्या गॅसमध्ये अजिबात नको. तसंच झालं. १९४७ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

अडचण एवढीच होती की यासाठी गटाराच्या गॅसमधला कार्बन-१४ आधी खास यंत्रणेतून घट्ट करून घ्यावा लागला, आणि ते काम प्रचंड खर्चिक होतं. प्रत्येक नमुन्यासाठी हे करणं शक्य नव्हतं. काउंटरच सुधारायला हवा होता.

इथं बर्कलीतलं हातकाम कामी आलं. ताज्या लाकडातला एक ग्रॅम कार्बन घेतला तर त्यातून मिनिटाला जेमतेम १५ कण बाहेर पडतात. पण नुसता टेबलावर ठेवलेला काउंटर अवकाशातले किरण आणि भिंतींमधला किरणोत्सार यांमुळं मिनिटाला शेकडो वेळा वाजतो. म्हणजे लग्नाच्या वरातीत बँड वाजत असताना कुणीतरी कानात कुजबुजतंय ते ऐकायचं. लिबीनं आधी काउंटरभोवती ८ इंच जाड लोखंडाची भिंत उभी केली. गोंगाट कमी झाला, तरी मिनिटाला शंभरेक ठोके उरलेच, कारण काही किरण लोखंडालाही जुमानत नाहीत. मग त्यानं मधल्या काउंटरभोवती दुसऱ्या काउंटरचं कडं केलं. बाहेरून येणारा कण आधी कड्यातल्या काउंटरला लागणार. कडं आणि मधला काउंटर एकाच क्षणी वाजले की तो ठोका मोजायचाच नाही. फक्त मधला एकटा वाजला, तरच तो नमुन्यातला. या युक्तीनं गोंगाट मिनिटाला पाचेक ठोक्यांवर आला. राखणदारांनी घेरलेल्या त्या काउंटरच्या आतल्या बाजूला नमुन्याचा काळा कार्बन थापायचा आणि तासन् तास मोजत बसायचं.

या कामात लिबीसोबत दोन तरुण होते, अर्नेस्ट अँडरसन आणि जेम्स अर्नॉल्ड. अँडरसननं जगभरातली ताजी लाकडं तपासली, अगदी अंटार्क्टिकाहून आलेलं सीलचं तेलसुद्धा. सगळीकडं कार्बन-१४ चं प्रमाण जवळपास सारखं आलं, त्यामुळं कुठल्याही देशातला नमुना एकाच मोजपट्टीवर मोजता येणार होता. अर्नॉल्डकडं काम होतं ज्यांचं वय आधीच माहीत आहे अशा वस्तू मोजायचं. इजिप्तचा राजा जोसर याच्या थडग्यातलं लाकूड, राजा स्नेफेरूच्या काळातला खांब, शिकागोच्याच संग्रहालयातल्या एका इजिप्शियन नौकेची फळी, जुन्या झाडांच्या आतल्या कड्या. २३ डिसेंबर १९४९ च्या 'सायन्स' नियतकालिकात दोघांचा लेख आला. एका आलेखावर गणितानं काढलेली वक्ररेषा आणि तिच्या आसपास हे सगळे ठिपके. काही जरा इकडं तिकडं होते, पण रेषा धरून होते.

त्यानंतर लिबीच्या लॅबकडं जगभरातून पुड्यांमागून पुड्या यायला लागल्या. मृत समुद्राजवळच्या गुहेत सापडलेल्या प्राचीन गुंडाळ्यांचं तागाचं कापड साधारण १९०० वर्षांचं निघालं. ऑरेगनच्या एका गुहेतल्या झुडपाच्या सालीच्या चपला ९ हजार वर्षांपूर्वीच्या निघाल्या. अमेरिकेत माणूस इतक्या आधीपासून विणलेल्या चपला घालत होता, हे अनेकांच्या पचनी पडायला वेळ लागला.

पण सगळ्यात मोठा दणका बसला तो भूगोलाला, आणि तो दिला एका गाडल्या गेलेल्या जंगलानं.

विस्कॉन्सिन राज्यात मिशिगन सरोवराच्या काठावर टू क्रीक्स नावाची जागा आहे. सरोवराच्या लाटांनी तिथला काठ कापला गेलाय आणि कड्यात थर उघडे पडलेत. एका थरात चक्क जंगल आहे. स्प्रूसची झाडं, मुळं, शेवाळ, जंगलातली माती. त्यावर सरोवराचा गाळ आणि त्याच्यावर हिमनदीनं लोटत आणलेला लाल मातीगोट्यांचा थर. म्हणजे गोष्ट अशी की हिमनदी मागं हटली, उघड्या जमिनीवर जंगल उगवलं, मग पाणी चढलं, झाडांच्या बुंध्यांशी गाळ साचला आणि शेवटी बर्फ परत आला आणि झाडं आडवी करून त्यांच्यावर बसला. उत्तर अमेरिकेतल्या शेवटच्या हिमयुगाची ही जवळपास शेवटची चाल. ती कधी झाली, हा प्रश्न होता.

तोवर याचं उत्तर गाळाच्या रेषा मोजून काढलं जायचं. स्वीडनच्या येरार्ड दे येर या शास्त्रज्ञानं १९ व्या शतकाच्या शेवटी ही पद्धत बसवली होती. वितळत्या हिमनदीपुढच्या तळ्यात उन्हाळ्यात जाडसर गाळ येतो आणि हिवाळ्यात बारीक चिकणमाती बसते. एक फिकी आणि एक गडद रेष मिळून एक वर्ष. झाडाची वर्तुळं मोजावीत तशा या रेषा मोजायच्या. त्याचा शिष्य अर्न्स्ट अँतेव्स अमेरिकेत हेच करत होता. पण अमेरिकेतल्या रेषा सलग मिळत नव्हत्या, मधली तुटलेली वर्षं अंदाजानं भरावी लागायची. या सगळ्यातून हिमयुगाच्या त्या शेवटच्या चालीला वीस-पंचवीस हजार वर्षं झाली असावीत असं मानलं जात होतं.

लिबीच्या लॅबनं टू क्रीक्सचं लाकूड आणि कुजकी माती यांचे पाच नमुने मोजले. सरासरी आली ११,४०४ वर्षं, साडेतीनशे वर्षं इकडं किंवा तिकडं.

म्हणजे जवळपास निम्मीच. ज्या बर्फाला लोक फार जुना समजत होते तो भूशास्त्राच्या हिशोबात अगदी काल-परवा तिथं होता. नद्यांनी दऱ्या कापल्या, सरोवरं भरली, जंगलं उत्तरेला सरकली, माणसं पसरली, हे सगळं आधी वाटत होतं त्याच्या निम्म्या वेळात झालं होतं. येल विद्यापीठाचा भूशास्त्रज्ञ रिचर्ड फ्लिंट यानं नवी तारीख उचलून धरली. अँतेव्स मात्र मानायला तयार नव्हता. बिचाऱ्यानं आयुष्यभर मोजलेल्या रेषा होत्या त्या.

इथपर्यंत लिबीची गोष्ट सरळ आहे. पुढं ती अवघड होते.

१९५० पासून लिबी अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाच्या सल्लागार समितीवर होता आणि हायड्रोजन बॉम्ब लवकर बनवावा या मताचा होता. १ मार्च १९५४ ला पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटावर अमेरिकेनं हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, खलाशी आजारी पडले, त्यातला एकजण काही महिन्यांनी गेला. जगभर घबराट उडाली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लिबीची अणुऊर्जा आयोगावर नेमणूक केली. आता चाचण्यांची धूळ किती धोकादायक आहे हे लोकांना समजावणारा सरकारचा चेहरा तो झाला. त्याचं म्हणणं कायम राहिलं की धोका अगदी थोडा आहे आणि देशाच्या संरक्षणासाठी तो पत्करायला हरकत नाही. अल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९५७ मध्ये चाचण्यांविरुद्ध आवाहन केलं तेव्हा लिबीनं त्यांना जाहीर पत्र लिहून उत्तर दिलं. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंगनं जगभरातल्या हजारो शास्त्रज्ञांच्या सह्या गोळा करून १९५८ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडं दिल्या. लिबी त्याच्या विरुद्ध बाजूला उभा होता.

आणि पडद्यामागं प्रोजेक्ट सनशाइन चालू होता. बॉम्बच्या धुळीत स्ट्रॉन्शियम-९० असतं. ते कॅल्शियमसारखं वागतं, गवतातून गायीच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडात जातं. जगभरातल्या माणसांच्या हाडात ते किती साठलंय हे मोजायचं होतं. त्यासाठी हाडं हवीत, आणि वाढत्या मुलांची तर जास्तच हवीत. अनेक देशांतून मेलेल्या माणसांची आणि अर्भकांची हाडं गोळा केली गेली. बहुतेक कुटुंबांना काहीच सांगितलेलं नव्हतं. १९५५ च्या एका बंद दाराआडच्या बैठकीत लिबीनं लहान मुलांचे नमुने कमी पडत असल्याची तक्रार केली आणि कुणाला मृतदेह पळवायची चांगली युक्ती माहीत असेल तर ती देशसेवाच ठरेल, अशा अर्थाचं तो बोलला. हा कागद १९९० च्या दशकात उघड झाला तेव्हा लिबीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. या मोजणीतून पुढं धोक्याचे खरे आकडे मिळाले, चाचण्या थांबवण्याच्या बाजूनं ते वापरलेही गेले. पण ज्यांची मुलं होती त्यांना कुणी विचारलं नाही, ते नाहीच.

१९५९ मध्ये लिबीनं आयोग सोडला आणि लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेला. १९६० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला एकट्याला मिळालं, कार्बन-१४ च्या पद्धतीसाठी.

पुढच्याच वर्षी एक प्रकार झाला ज्यावर त्याच्या विरोधकांनी बरेच विनोद केले. अणुयुद्ध झालं तरी सामान्य माणूस स्वस्तात जीव वाचवू शकतो, हे दाखवायला लिबीनं आपल्या बेल एअरमधल्या घरी रेल्वेचे जुने स्लीपर आणि वाळूची पोती वापरून ३० डॉलरमध्ये निवारा बांधला होता. नोव्हेंबर १९६१ मध्ये बेल एअरच्या टेकड्यांना वणवा लागला आणि निवारा जळाला.

आता परत टाकीकडं. टाकीच्या हिशोबात एक गृहीतक लपलेलं होतं, की नळाची धार कायम सारखी असते. म्हणजे हवेत कार्बन-१४ चं प्रमाण हजारो वर्षं बदललेलं नाही. लिबीला ते पटलेलं होतं. पण इजिप्तची सगळ्यात जुनी लाकडं पुन्हा पुन्हा अपेक्षेपेक्षा तरुण येत होती. जोसरच्या लाकडाचं वय साडेचार हजारांच्या वर यायला हवं होतं, आलं चार हजाराच्या आसपास. लिबीला वाटलं, इजिप्तच्या अभ्यासकांचीच राजांची कालगणना चुकली असेल. १९५८ मध्ये नेदरलँड्सच्या हेसेल द व्रीस यानं दाखवलं की हवेतलं प्रमाण खरोखरच वरखाली होतं. मग हान्स झूस यानं कॅलिफोर्नियाच्या डोंगरातल्या हजारो वर्षं जगणाऱ्या ब्रिसलकोन पाइन झाडांची वर्तुळं एकेक करून तपासली. राजांची कालगणना बरोबर निघाली. नळाची धारच कमीजास्त होत होती.

त्यामुळं कार्बन-१४ नं आलेलं वय आज तसंच्या तसं कुणी वापरत नाही. आधी ते दुरुस्ती करणाऱ्या वक्ररेषेवर बसवावं लागतं. ती रेषा बांधायला झाडांची वर्तुळं लागली आणि त्याच्याही मागं जायला पुन्हा गाळाच्या रेषाच लागल्या. जपानमधल्या सुइगेत्सु नावाच्या तळ्यात हजारो वर्षं दरवर्षी एक फिकी आणि एक गडद रेष बसत गेलीय. त्या रेषा मोजून आणि त्यातली पानं तपासून संशोधकांनी ही दुरुस्ती जवळपास ५० हजार वर्षांपर्यंत मागं नेली. अँतेव्सला हे बघायला आवडलं असतं.

राहिला प्रश्न बॉम्बचा. हवेत झालेल्या अणुस्फोटांतून प्रचंड न्यूट्रॉन सुटले. त्यांनीही नायट्रोजनवर आदळून कार्बन-१४ बनवला, तो इतका की १९६३ च्या सुमारास उत्तर गोलार्धातल्या हवेत त्याचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. त्याआधीच चाचण्यांची धूळ लॅबमधल्या उघड्या काळ्या कार्बनवर बसून आकडे बिघडवत होती. त्यामुळं लिबीची नमुना थापायची पद्धत सोडून जगभरच्या लॅबना बंद नळीत वायू मोजण्याकडं वळावं लागलं. म्हणूनच या शास्त्रात वर्तमानकाळ १९५० मध्ये गोठवून ठेवलाय. आजही एखाद्या अहवालात अमुक वर्षांपूर्वी असं लिहिलं असेल, तर ती वर्षं १९५० पासून मागं मोजायची.

भारतात ही पद्धत लवकर पोचली. ह. धी. सांकलिया यांच्या नावडाटोली आणि नेवाशाच्या उत्खननातला कोळसा आधी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या लॅबमध्ये पाठवावा लागला होता. मग १९६० च्या दशकात मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपली लॅब उभी राहिली आणि नंतर ती अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत गेली. महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाण वस्त्या साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या, हे आपण खात्रीनं म्हणतो ते या मोजण्यांमुळं.

लिबीनं उत्तरार्धात लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात भूभौतिकी संस्थेचं काम पाहिलं, पर्यावरणाचं इंजिनिअरिंग शिकवायचा अभ्यासक्रम सुरू करायला मदत केली. १९६६ मध्ये घटस्फोट झाला आणि त्यानं लिओना वूड्स मार्शलशी लग्न केलं. जगातली पहिली अणुभट्टी चालू झाली तेव्हा त्या गटात असलेली ती एकमेव बाई होती. ८ सप्टेंबर १९८० रोजी लॉस एंजेलिसमध्ये लिबी गेला. त्याच्या अखेरच्या वर्षांत कार्बनचे अणू थेट मोजणारी यंत्रं यायला लागली होती. त्यामुळं मूठभर नमुना जाळायची गरज संपली. लोणारसारख्या गाळातलं एवढंसं पान किंवा काडी पुरते ती याच यंत्रांमुळं.

त्यानं ठरवलेला ५५६८ वर्षांचा आकडाही नंतर चुकीचा निघाला, खरा साधारण ५७३० आहे. तरी १९६२ मध्ये केंब्रिजच्या परिषदेत ठरलं की हजारो तारखा जुन्या आकड्यानं छापून झाल्यात, आता बदलला तर गोंधळ होईल. त्यामुळं लॅब पहिला हिशोब अजूनही लिबीच्याच आकड्यानं करतात आणि दुरुस्ती नंतर वक्ररेषेवर करतात.

आणि त्या चाचण्यांची धूळ अजून आहे. तिच्यातलं सीझियम-१३७ पावसाबरोबर खाली आलं आणि जगभरच्या तळ्यांच्या, धरणांच्या, खाड्यांच्या गाळात बसलं. १९६३ मध्ये अमेरिका, सोव्हिएत युनियन आणि ब्रिटन यांनी हवेतल्या चाचण्या बंद करायचा करार केला आणि त्यानंतर ते पडायचं प्रमाण झपाट्यानं घटलं. त्यामुळं गाळाच्या नमुन्यात सीझियम जिथं सगळ्यात जास्त, तो थर १९६३ च्या आसपासचा धरतात. त्याच्यावर किती इंच गाळ चढलाय ते मोजलं की तळं किती वेगानं भरतंय हे कळतं. गेल्या दीडदोनशे वर्षांतल्या बदलांसाठी कार्बन-१४ चा फारसा उपयोग होत नाही, तिथं संशोधक हे सीझियम आणि नैसर्गिक शिसं-२१० बघतात. नैनितालच्या तळ्याचा गाळ मोजला तोही असाच.